नदीतल्या केंदाळाचं काम नदीकाठच्या माणसापर्यंत कसं न्यायचं?

पंचगंगाकाठ | १० मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी, गॅदरिंगचं नेपथ्य, रांगोळ्या, फलकलेखन हे सगळं अठरा वर्षं करत आले आहे. स्वतःचं काम सुट्टीत आणि रात्री जेवणं झाल्यावर.

गेल्या हिवाळ्यात पंचगंगेतल्या केंदाळावर काम केलं. पुण्याकडं जलपर्णी म्हणतात, आमच्याकडं केंदाळ. नदीत सांडपाणी मिसळतं तिथं ते फोफावतं, कारण त्या पाण्यात नायट्रेट-फॉस्फेटची मेजवानीच असते. थंडीच्या शेवटी काही ठिकाणी पाणीच दिसत नाही, हिरवं मैदान दिसतं आणि त्यावर बगळे चालतात. हे केंदाळ मी काढलं, मुळं छाटली, देठ गच्चीवर वाळवले. वाळला की देठ आतून स्पंजासारखा होतो, वजन काहीच नाही. पण जरा पाणी शिंपडून पीळ दिला तर चांगली दोरी वळते. त्या दोऱ्यांची बावीस फूट लांब आणि चार फूट रुंद चटई विणली. केंदाळात अडकून जे जे बाहेर आलं होतं ते तिच्यात ओवलं. शाम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या, निर्माल्याच्या पिशव्या. सगळ्यात जास्त काय निघालं असेल तर दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे. बोटाच्या पेराएवढा त्रिकोण. सकाळी चहाच्या आधी आपण तो कात्रीनं कापतो आणि तो कुठं जातो ते कुणी बघत नाही. मी स्वतः कधी बघितलं नव्हतं. आता पिशवीला नुसता छेद देते, कोपरा पिशवीलाच लोंबत ठेवते.

चार महिने गेले. मग शहरातल्या एका कलादालनात पाच दिवस प्रदर्शन लावलं. अभिप्रायाच्या वहीत एकसष्ट सह्या झाल्या. घरी आल्यावर वाचल्या तर पाच-सहा सोडून सगळे ओळखीचे निघाले. आमचे चित्रकार मित्र, कलाशिक्षक, आर्ट इन्स्टिट्यूटची मुलं. सगळ्यांना पंचगंगेचं हे दुखणं आधीपासून माहीत. "पोत छान आलाय", "मांडणी बोलकी आहे" असं लिहिलंय. वाचून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पण मला जे सांगायचंय ते वेगळं आहे. केंदाळ काढायला मला एका होडीवाल्या काकांनी मदत केली होती. पासष्टी ओलांडलेली, आयुष्य नदीवर गेलेलं. मुळं पाण्यातच विळ्यानं कापायची म्हणजे चिखल खाली बसतो आणि होडीत ओझं होत नाही, हे त्यांनीच शिकवलं. पैसे दिले तर घेईनात, शेवटी एक दिवस घरून पोळ्या करून नेल्या. त्यांना मी प्रदर्शनाचं निमंत्रण दिलं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आले होते. पांढरा सदरा, टोपी, पायात नव्या चपला. दारावरच्या माणसानं विचारलं, "काय काम आहे?" काका म्हणाले, "काही नाही, बाईंनी बोलावलं होतं," आणि आत न येता परत गेले. मी दहा पावलांवर पाठमोरी उभी राहून कुणाशी तरी बोलत होते. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं.

तेव्हापासून डोक्यातून जात नाही. नदीचं काम, नदीतल्या माणसाच्या हातांनी झालेलं, आणि तोच दारातून परत गेला. मग बाकीचे कसे येणार? घाटावर कपडे धुणाऱ्या बायका, गुरं घेऊन येणारे, निर्माल्य टाकायला येणारे, पहाटे पोहायला येणारे?

तर प्रश्न असा. पर्यावरणावरची कला चित्रकारांच्या वर्तुळाबाहेर खरंच पोचल्याचं तुम्ही कुठं डोळ्यांनी बघितलंय का? कशानं पोचली? मी ही चटई घाटावर मांडली तर काही अर्थ आहे का? उपदेश नको, बघितलेलं सांगा. लांबलं तरी चालेल.

---

झटपट_झाड | १० मे, रात्री ११:१५

ताई, सोपं आहे. विणतानाचं रील करा. हाताचे क्लोजअप, नदीचा आवाज. दुधाच्या पिशवीच्या कोपऱ्याचं जे लिहिलंय ना, तेवढंच तीस सेकंदांत सांगा. माझ्या आईला आत्ता वाचून दाखवलं, ती उठून कचऱ्याच्या डब्यात बघून आली.

---

पंचगंगाकाठ | १० मे, रात्री ११:३२

तुमच्या आईंना नमस्कार सांगा. रील करीन, मुली मदत करतील. पण काकांकडं बटणांचा फोन आहे. माझ्या डोळ्यांपुढं तेच आहेत.

---

कृष्णाकाठचा_कासेलकर | ११ मे, पहाटे ३:०५

ताई, मी मूळचा सांगलीचा. गेली अकरा वर्षं जर्मनीत कासेलला आहे. तुम्ही "डोळ्यांनी बघितलेलं" म्हणालात म्हणून सविस्तर लिहितो, कारण माझ्या खिडकीसमोर तेच उभं आहे.

इथं आलो तेव्हा आमच्या रस्त्यावरच्या प्रत्येक झाडाशेजारी एक काळा दगड पुरलेला दिसायचा. कंबरेच्या वर येणारा, ओबडधोबड, खांबासारखा. मला वाटलं हद्दीचे दगड असतील. दगड ओळखीचा वाटायचा, कारण तो बेसाल्ट आहे, आपल्या सह्याद्रीचा, तुमच्या पंचगंगेच्या घाटाचा असतो तोच काळा पाषाण. वर्षभरानं घरमालकीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "हे तुला माहीत नाही? हे बॉइसचं झाड."

कासेल हे दोन लाख वस्तीचं गाव. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांत जवळजवळ सगळं जळून गेलेलं. तिथं १९५५ पासून डॉक्युमेंटा नावाचं कलेचं मोठं प्रदर्शन भरतं, हल्ली दर पाच वर्षांनी, शंभर दिवस. जगभरातून लोक येतात. गावातल्या बऱ्याच लोकांना मात्र ते पाहुण्यांचं लग्न वाटतं, आपल्या मांडवात दुसऱ्याचं. १९८२ च्या डॉक्युमेंटात योसेफ बॉइस या कलावंतानं मुख्य संग्रहालयासमोरच्या चौकात बेसाल्टचे सात हजार दगड आणून ओतले. आणि अट घातली की यातला एक दगड तेव्हाच हलेल, जेव्हा गावात कुठं तरी एक झाड लागेल आणि तो दगड त्याच्याशेजारी रोवला जाईल. म्हणजे सात हजार झाडं लागेपर्यंत ढीग तिथंच.

गाव चिडलं. चौक विद्रूप झाला म्हणून ओरड झाली. रस्त्याकडेला झाडं लावली तर गाड्या कुठं लावायच्या, हेही भांडण झालं. एका झाड-दगडाच्या जोडीसाठी पाचशे मार्क घेत, पण तेवढ्यानं भागेना, तेव्हा पैसे उभे करायला बॉइसनी जपानी व्हिस्कीची जाहिरातसुद्धा केली. झाड कुठं लावायचं ते मात्र एकट्या कलावंतानं ठरवलं नाही. वस्त्यांच्या समित्या, शाळा, रहिवाशांची मंडळं जागा सुचवत. नाव "सात हजार ओक" असलं तरी सगळे ओक नाहीत, लिंडन, मेपल, चेस्टनट असे बरेच आहेत. माझ्या खिडकीसमोरचा लिंडन आहे, जूनमध्ये फुलतो तेव्हा जिन्यापर्यंत वास येतो.

आता घरमालकीणबाईंनी सांगितलेलं. त्या तेव्हा शाळेत होत्या. त्यांचे वडील कामगार, ट्रॅमनं त्या चौकावरून कामाला जायचे. कलेबद्दल त्यांना काडीची आस्था नव्हती आणि त्या ढिगाचा मनापासून राग होता. पण रोज ट्रॅममधून ढिगाकडे बघायचे आणि रात्री जेवताना सांगायचे, "अजून तेवढाच आहे." मग काही महिन्यांनी, "डावीकडून जरा कमी झालाय." पाच वर्षं त्या घरात जेवणाच्या टेबलावर हा विषय होता. मग त्यांच्याच गल्लीत झाडं लागली तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात बादलीनं पाणी घालायला तेच उतरले. बाई म्हणतात, राग गेला की नाही ते माहीत नाही, पण झाडाला पाणी घालायचे.

बॉइस जानेवारी १९८६ मध्ये वारले. शेवटचं झाड १९८७ च्या डॉक्युमेंटाच्या वेळी त्यांच्या मुलानं, पहिल्या झाडाशेजारी लावलं. चौक मोकळा झाला. आज त्या झाडांखाली कुणी सायकल दगडाला टेकवतं, पोरं त्याच्यावर चढून उडी मारतात, कुत्री यायचं तेच करून जातात. दगड तेवढाच राहिलाय, झाड मात्र त्याच्या कितीतरी वर गेलंय. काही ठिकाणी बुंधा दगडाला टेकायला आलाय.

मला विचाराल तर पोचलं ते त्या ढिगामुळं. चौकातून जाणाऱ्या माणसाला कला कळो न कळो, ढीग कमी झाला की नाही हे कळत होतं, आणि तो कमी करणं त्याच्याही हातात होतं.

एक दुसरी आठवण, थोडक्यात. डिसेंबर २०१५ मध्ये मी पॅरिसला होतो, हवामान परिषद चालू होती. पँथिऑनसमोरच्या चौकात ओलाफुर एलियासन या कलावंतानं ग्रीनलंडच्या खाडीत तरंगणारे बर्फाचे बारा मोठे तुकडे आणून घड्याळाच्या आकड्यांसारखे गोल मांडले होते. लोक हात लावत होते, मिठी मारत होते. एका बाईनं कान लावला म्हणून मीही लावला. आतून बारीक तडतड येते. बर्फात हजारो वर्षांपूर्वीची हवा कोंडलेली असते, बर्फ वितळताना ती बुडबुड्या-बुडबुड्यानं सुटते, त्याचा तो आवाज. ऑफिसला निघालेली माणसं बॅग खाली ठेवून कान लावत होती. मी अजून विसरलो नाही. पण पॅरिसच्या त्या चौकात राहणाऱ्यांच्या हाती नंतर काय उरलं असेल, याचा विचार मी कासेलला परत आल्यावर केला.

चटई घाटावर जरूर न्या. फक्त ती तिथं काय करणार आहे, ते आधी ठरवा. नुसती पसरली तर तेच कलादालन होईल, फक्त छप्पर नसलेलं.

---

खारघरची_सकाळ | ११ मे, सकाळी ८:२०

कासेलकर, छान लिहिलंत. मी माझ्या दारातलं सांगते.

जानेवारी २०२१ मध्ये आमच्या खारघरला वातावरण फाउंडेशन आणि साथीदार संस्थांनी रस्त्यालगत मोठाल्या पांढऱ्या फुप्फुसांची जोडी उभी केली होती. हवा गाळायच्या कापडाची बनवलेली, मागून पंखे हवा ओढत होते. बेंगळुरू आणि दिल्लीत २०१८ मध्ये असंच झालं होतं, दिल्लीत तर सर गंगाराम रुग्णालयाच्या आवारात. आमच्याकडची फुप्फुसं दहा दिवसांत काळी पडली.

मी रोज सकाळी चालायला जाते, त्यामुळं रोज बघितली. पहिल्या दिवशी लोक सेल्फी काढत होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कडेनं राखाडी झाक आली, तेव्हा थांबून बघायला लागले. मग गंमत संपली. रिक्षावाले एकमेकांना सांगायचे, "आज अजून काळं झालंय." आमच्या भाजीवाल्या मावशी एकदा मेथीची जुडी हातात तशीच धरून म्हणाल्या, "आपलं बी आत असंच झालं असंल का ओ?" त्यांना पीएम २.५ म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, हे कुणी सांगितलं नव्हतं. रात्री खिडक्या बंद करायला लावणारा तो उग्र वास मात्र त्यांना माहीत होता, आणि आता त्याला डोळ्यांना दिसेल असं काहीतरी मिळालं होतं. त्या आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पार्किंग सोडून पहिल्यांदा हवेवर बोलणं झालं.

आमच्या शेजारी छातीचे डॉक्टर आहेत. त्यांचं म्हणणंही इथं लिहायला हवं. कापड काळं होणं आणि माणसाचं फुप्फुस काळं होणं एकच नाही, शरीर बरंच बाहेर टाकतं, आणि खरा घात तर डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांनी होतो. ते खरंच आहे. तरी त्यांनीच त्यांच्या दवाखान्यात त्या फुप्फुसांचा फोटो लावला. म्हणाले, पेशंट आता स्वतःहून विचारतात.

पण ती फुप्फुसं कायमची नव्हती. ती गेली आणि दोन महिन्यांत बोलणंही विरलं. मला त्याचं फार वाईट वाटतं. दरवर्षी हिवाळ्यात, त्याच जागी, पांढरीशुभ्र पुन्हा लावली असती तर लोकांनी वाट बघितली असती. "यंदा किती दिवसांत काळी झाली?" असं विचारलं असतं. ताई, जे कराल ते दरवर्षी करता येईल असं करा. एकदाच करून थांबू नका.

---

हापसा | ११ मे, दुपारी २:५०

नमस्कार. मी गडचिरोलीचा, पाणीपुरवठ्यात नोकरी केली, आता निवृत्त. कलेतलं मला कळत नाही. पण हापशातलं कळते, म्हणून लिहितो.

बरीच वर्षं झाली, बस्तरमध्ये कोंडागावला एका कामासाठी गेलो होतो. आमच्या गडचिरोलीची हद्द बस्तरला लागूनच आहे, जाणंयेणं असते. तिथं हापशाच्या भोवतीचा ओटा पाहून मी थांबलोच. आमच्या खात्याचा ओटा म्हणजे काय, सिमेंटचा गोल, मधात हापसा, एक नाली, झालं काम. दोन वर्षांत फुटते, भोवताली चिखल, डुकरं, डास. इथं भिंतीला अशी बेचकी केली होती की बाई भरलेली गुंडी आधी कंबरेच्या उंचीवर टेकवणार, मग चुंबळ नीट करून तिथून सरळ डोक्यावर घेणार. जमिनीवरून पंधरा-वीस लिटरचं भांडं एकटीनं डोक्यावर उचलताना काय होते, हे ज्यानं रोज पाहिलं त्यालाच असं सुचते. सांडलेलं पाणी वाहून जायला नीट वाट, भोवती भिंतीवर चित्रं, आकार, लेकरं त्यावर बसून खेळत होती.

मी विचारलं, इंजिनिअर कोण? तर म्हणाले, इंजिनिअर नाही, कलाकार. मुंबईच्या नवजोत अल्ताफ या चित्रकार-शिल्पकार नव्वदीच्या शेवटी कोंडागावला आल्या आणि तिथल्याच राजकुमार कोर्राम, शांतिबाई, गेसुराम या आदिवासी कलावंतांसोबत काम करत राहिल्या. या कामाचं नाव "नलपार". आधी कितीतरी दिवस बायांशी, पोरांशी बोलणं. पाणी कोण भरते, कुठं घसरते, भांडं कुठं ठेवते, दुपारी सावली कुठं असते. मग मातीचे नमुने, मग बांधकाम. शहरातल्या कलेच्या लोकांनी याच्यावर पुष्कळ लिहिलं म्हणतात. मी ते वाचलं नाही. मी पाहिली ती एक बाई, गुंडी बेचकीत टेकवून दुसरीशी बोलत उभी. घाईत नव्हती. आमच्या ओट्यावर कोणी उभं राहून बोलत नाही, तिथं थांबायला जागाच नसते.

ती बाई कला पाहायला आली नव्हती. पाणी भरायला आली होती. रोज दोनदा. म्हणून मला वाटते, ताईंनी लोक कुठं येणार हे नाही विचारायचं, लोक आधीच कुठं येतात ते पाहायचं. आणि तिथं त्यांच्या मानेला, कंबरेला कुठं दुखते तेही.

परत आल्यावर आमच्याकडे तीन हापशांना तशी बेचकी करून दिली. अंदाजपत्रकात बसत नव्हती, गवंड्यानं उरलेल्या विटांत केली. एक अजून शाबूत आहे.

---

वीणेकरी | ११ मे, सायंकाळी ७:१०

माझं वय आता ऐंशीच्या घरात. नातू टाइप करतोय.

लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलं आहे. त्याआधी काय झालं ते वडील नेहमी सांगत. बाबा दुपारीच गावात आले, कुणाशी काही बोलले नाहीत, खराट्यानं रस्ता झाडायला लागले. गटार उपसलं. पाटील पुढं आले, मग चार माणसं आली, मग सगळं गाव. रात्री कीर्तनाला बसलेला प्रत्येक माणूस त्या झाडलेल्या रस्त्यावरूनच आला होता. आणि कीर्तनात बाबा सांगत कमी, विचारत जास्त. समोरच्या अडाणी माणसाला प्रश्न करायचे आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे.

बाई, तुम्ही काकांना बोलावलंत. ते आले आणि परत गेले, त्याला आता किती दिवस झाले? तुम्ही त्यांच्या घरी गेलात का?

---

पंचगंगाकाठ | १९ मे, रात्री ९:५५

वीणेकरी आजोबा, तुमचा प्रश्न वाचून मी फोन बाजूला ठेवला. गेले नव्हते. लाज वाटत होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले.

काका जाळं दुरुस्त करत बसले होते. काकूंनी चहा ठेवला. मी माफी मागितली तर म्हणाले, "त्यात काय एवढं, आत गर्दी हुती." एवढंच. मग मी चटई रिक्षातून उतरवली. बरोबर नेली होती. अंगणात पूर्ण उलगडायला जागा पुरली नाही, अर्धी गुंडाळूनच ठेवली. काकांनी बसून बोटांनी चाचपून बघितली. दोन ठिकाणी माझी गाठ सुटत आली होती, ती बोलता बोलता परत मारली. मग एकदम म्हणाले, "बाई, ह्यात प्लॅस्टिक कशाला ठिवलंय? एवढं कष्टानं काढलं आणि परत त्यातच?"

मी समजावायला लागले, की लोकांना दिसावं म्हणून. ते म्हणाले, लोकांना प्लॅस्टिक रोज दिसतंय, केंदाळाची दोरी दिसत नाही.

मग मी हापसा काकांचा प्रश्न त्यांना विचारला. लोक आधीच कुठं येतात? ते हसले. "पावसाळ्यात सगळं कोल्हापूर पाणी बघायला येतंय की. तवा ठिवा."

कोल्हापूरबाहेरच्यांसाठी सांगते. जुलै लागला की आमच्याकडं एकच प्रश्न असतो, पाणी किती फुटांवर आलं? राजाराम बंधाऱ्यावरची पातळी. एकोणचाळीस फुटांना इशारा, त्रेचाळीसला धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचावन्न फुटांच्या वर गेलं होतं, आमच्या शाळेतल्या कितीतरी मुलांच्या घरात पाणी होतं. हा आकडा रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना पाठ असतो. आणि पाऊस जरा उघडला की लोक पोराबाळांना घेऊन, छत्र्या घेऊन घाटावर आणि पुलावर पाणी बघायला जातात. दीपमाळा कितपत बुडाल्या ते बघतात. कासेलकर, तुमच्या घरमालकीणबाईंचे वडील ढिगाकडं बघायचे ना, अगदी तसं. मी जन्मापासून हे करत आले आणि माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तर असं ठरलंय. चटई घाटाच्या पायऱ्यांवर वरून खालपर्यंत सोडायची. काथ्यानं दगडाला बांधायची. दर फुटाला एक जाड गाठ. पाणी चढेल तशी ती एकेक गाठ आत जाईल. जे केंदाळ नदीतून काढलं ते नदीच पायरी-पायरीनं परत घेईल. पूर आला तर सगळी जाईल, तिचं काही राहणार नाही, आणि पुढच्या हिवाळ्यात परत केंदाळ काढून परत विणायची. खारघरच्या ताई, दरवर्षी. नाव किंवा पाटी लावणार नाही. काका रोज घाटावर असतातच, कुणी विचारलं तर तेच सांगतील. परवानगीचा अर्ज दिला आहे.

सुट्टीत नववीच्या अकरा मुली घरी येतात. शनिवारपासून आम्ही चटईतलं प्लॅस्टिक सोडवतोय. ओवायला लागला त्यापेक्षा जास्त वेळ सोडवायला लागतोय. एका मुलीनं दुधाच्या कोपऱ्यांची वेगळी बरणी केली आहे. काल तिची आई बरणी बघायला आली होती.

---

बॉटनीचा_मास्तर | १९ मे, रात्री १०:३०

योजना मनापासून आवडली, पण एक काळजी घ्या. जलपर्णीचं बी चिखलात कित्येक वर्षं जिवंत राहतं. वाळलेल्या देठाला पुन्हा कोंब फुटत नाही, पण फुलांचे वाळलेले तुरे कुठं अडकून राहिले असतील तर ते नदीत जाता कामा नयेत. एकेक दोरी बघा. पुढच्या वेळी फुलायच्या आधीच काढा.

---

पंचगंगाकाठ | २० मे, सकाळी ६:१५

सर, खूप आभार. रात्रीच टॉर्च लावून बघितलं. दोन ठिकाणी वाळलेले तुरे सापडले, काढून चुलीत घातले. आज मुलींना प्रत्येक दोरी परत बघायला लावते.

काथ्या मात्र कमी पडतोय. बाजारात सगळीकडं नायलॉनच मिळतंय आणि ते मला नको आहे. कोकणात कुणाकडं बोटाएवढ्या जाडीची काथ्याची दोरी साठ-सत्तर मीटर मिळत असेल तर इथं कळवा. एसटीच्या पार्सलनं मागवून घेईन. सात जूनच्या आत हवी आहे. काका म्हणतात, यंदा पाऊस वेळेवर येणार.